कंपन्या स्पर्धकांची माहिती कुठून मिळवतात आणि तिचा खरंच उपयोग होतो का?

हा प्रश्न निघाला की हेरगिरीची शंका येतेच, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करतो. स्पर्धकांचा अभ्यास करणं हेच माझं काम आहे आणि लागणारी बहुतेक माहिती उघडपणे मिळते. वार्षिक अहवाल, दरपत्रकं, निविदांचे निकाल, पेटंटचे अर्ज (बहुतेक देशांत ते १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात) हे सगळं कुणालाही वाचता येतं. नोकरीच्या जाहिराती तर मी रोज चाळतो. जिथे एखाद्या कंपनीचा माल जातच नाही, तिथे ती सर्व्हिस इंजिनिअर शोधू लागली, की तिचा पुढचा बेत घोषणेआधीच लक्षात येतो.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती असते हातून गेलेल्या ग्राहकाकडे. ऑर्डर दुसऱ्याला गेली की सेल्सचा माणूस ‘किंमत जास्त पडली’ असं लिहून मोकळा होतो. मी त्यावर थांबत नाही. थोडे दिवस जाऊ देतो आणि त्या ग्राहकाला फोन करतो. विक्रीचा विषय काढायचा नाही, एवढं पथ्य पाळतो. सुरुवातीच्या यादीत कोण होतं, कुणाचं नाव कधी गळलं, शेवटच्या मीटिंगमध्ये वाद कशावरून झाला, एवढंच विचारतो. पुष्कळदा असं निघतं की समोरच्याने मशीन बसवून देण्याची तारीख लेखी दिली होती आणि आमच्याकडून नुसतं ‘लवकरच देतो’ असं सांगितलं गेलं होतं. ही गोष्ट कुठल्याच अहवालात सापडत नाही.

खरी अडचण माहिती मिळवण्यात नसून नजर कुठे जाते यात आहे. स्कॉटलंडमधल्या हॉईक गावाच्या परिसरातल्या उंची लोकरी स्वेटर बनवणाऱ्या कारखानदारांवर १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जगात स्वेटर बनवणारे असंख्य, पण या मंडळींना स्पर्धक म्हणून आठवायचे ते मुख्यतः आपल्यासारखेच आसपासचे कारखानदार. एकमेकांच्या हालचालींवर त्यांचं बारीक लक्ष, बाहेरच्यांकडे मात्र फारसं नाही. मी ज्या ज्या कंपनीत गेलो तिथे हेच पाहिलंय. स्पर्धकांची यादी कधीतरी एकदा बनते आणि मग वर्षानुवर्षं तीच चालते. ती यादी ग्राहकाकडून दुरुस्त करून घ्यावी. ‘आम्ही नसतो तर तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारलं की कधी अनोळखी कंपनीचं नाव येतं, तर कधी ‘काहीच घेतलं नसतं’ असं उत्तर मिळतं. तेही स्पर्धकाइतकंच गंभीरपणे घ्यायला हवं.

उपयोगाचं म्हणाल तर झेरॉक्स या कॉपियर (फोटोकॉपीची मशीन) बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं उदाहरण मला फार शिकवून जातं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या लक्षात आलं, की जपानी कंपन्या ज्या किमतीला कॉपियर विकतात तेवढा तर आपला नुसता उत्पादनखर्चच आहे. जपानी कंपन्या तोट्यात विकत असतील, असं म्हणून त्यांना विषय संपवता आला असता. त्याऐवजी १९७९पासून त्यांनी स्पर्धकांची मशीन खोलून भाग न् भाग तपासला, आपल्या खर्चाशी ताडून पाहिला. गोदामातलं काम सुधारायला तर ते एल. एल. बीन या कपडे आणि भटकंतीचं सामान पोस्टाने विकणाऱ्या कंपनीकडे गेले. तिच्याशी त्यांची स्पर्धा नव्हतीच, पण माल उचलण्याची पद्धत तिथे जास्त चांगली होती.

चोरीच्या माहितीपासून लांबच राहा. २००६ मध्ये कोका-कोलाची गुपितं विकण्याचा देकार पेप्सीकडे आला, तेव्हा पेप्सीने तो थेट कोका-कोलाला कळवला. पुढे एफबीआयने सापळा रचून आरोपींना पकडलं.

शेवटी माझ्या रोजच्या कामातली एक पद्धत सांगतो. कुणाचा कुठला निर्णय यामुळे बदलेल, हे ज्या अहवालात लिहिता येत नाही तो मी पाठवतच नाही. शिवाय मुख्य स्पर्धक पुढच्या सहा महिन्यांत काय करेल, याचा अंदाज तारीख घालून लिहून ठेवतो. मुदत संपली की सगळ्यांसमोर तो तपासतो आणि अंदाज चुकला असेल तर कुठल्या माहितीवर आपण जास्त विसंबलो होतो, ते शोधून काढतो.