"वॉरंटीत बसत नाही" म्हणाले? मग ते लिहून मागा

गाडीचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात डीलरकडच्या बिलांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा म्हणून सांगितलं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, रायबाग, चारी बाजूंनी पत्रं आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच, गाडी वॉरंटीत आहे तरी बिल हातात. त्यातली चार घेतलीत.

प्रश्न : नमस्कार दादा, मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला शिक्षक आहे. रोज जांबोटीकडं जाऊन येऊन गाडी चालते. घेऊन दोन वर्षं झाली, २९ हजार किलोमीटर झालेत, कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची आहे. या पावसाळ्यात क्लच जड झाला, पेडल दाबलं की घर्र असा आवाज आणि चढाला गाडी नुसती रेस घेते पण ओढत नाही. बेळगावात डीलरकडं सोडली. संध्याकाळी फोन आला की क्लच सेट गेलाय, १६,८०० रुपये होतील, क्लच वॉरंटीत येत नाही, काम सुरू करू काय. मी उद्या सांगतो म्हटलोय. काय सांगू?

उत्तर : सर, लगेच हो म्हटलं नाही हे फार बरं केलंत, कारण एकदा फोनवर हो म्हटलं की गिअरबॉक्स खाली येतो, जुना क्लच भंगारात जातो आणि मग काय झालं होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

"क्लच वॉरंटीत येत नाही" हे अर्धंच खरं आहे. क्लच प्लेटचं लायनिंग हे चपलेच्या तळव्यासारखं, ते झिजण्यासाठीच असतं. ब्रेक पॅड, वायपरचं रबर, फिल्टर, बल्ब हे पण त्यातच. हे झिजलं तर सहसा कुठलीच कंपनी वॉरंटीत देत नाही आणि त्यावर भांडून उपयोग नाही. पण क्लच सेट म्हणजे नुसतं लायनिंग नव्हे, त्यात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असे तीन भाग असतात, आणि तुमचं पत्र वाचताना मी थांबलो ते आवाजापाशी. पेडल दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर पहिला संशय रिलीज बेअरिंगवर. (उलटं असेल, म्हणजे पेडल सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर गप्प, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग बघायला लागतं.) बेअरिंग २९ हजारात वाजायला लागलं तर ते चालवणाऱ्याच्या पायामुळंच झालं असं धरून चालायचं नाही, त्याची तपासणी व्हायला पाहिजे.

म्हणून उद्या अर्धा दिवस रजा टाका आणि स्वतः जा. गाडी लिहून घेणाऱ्या अ‍ॅडव्हायझरला सांगा, क्लच उघडा पण नवीन बसवायच्या आधी मला दाखवा. उघडायची मजुरी किती ते आधीच विचारून घ्या. प्लेट हातात घ्या. लायनिंग झिजून रिव्हेट दिसायला लागलेत, प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग पडलेत आणि जळका वास येतोय, तर ती तापून झिजलीय, जांबोटीच्या चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरली की असंच होतं, तेवढ्या भागाचे पैसे द्यायला लागतील. पण प्लेट तेलानं ओली दिसली, काळी चिकट, तर गोष्टच बदलली. क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल गळून क्लचवर आलं की क्लच सरकतो. तिथं दोष सीलचा, क्लच त्याच्यापायी गेला, आणि सील वॉरंटीत बसतं. प्लेटमधली स्प्रिंग तुटली असेल किंवा प्रेशर प्लेटची बोटं तुटली असतील तर ती पण नुसती झीज नव्हे.

मी बारा वर्षं एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये होतो. चंदगडकडचे एक काका असेच क्लचचे पैसे घेऊन काउंटरवर उभे होते, पोरानं पाठवलेले, रबरबँड लावून मोजून आणलेले. मेकॅनिकनं सहज हाक मारली म्हणून मी आत गेलो तर बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, आतून तेलाचा ओघळ खाली आलेला, बोट लावलं तर बोट काळं. फोटो काढून क्लेम टाकला आणि मंजूर झाला. काका पैसे घेऊन परत गेले. पण त्या दिवशी कुणी आत वाकून बघितलं नसतं तर ते पैसे गेलेच होते, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही, आणि हे सदर मी लिहितो ते त्याच्यासाठीच.

आता मुख्य गोष्ट. बघूनसुद्धा ते नाही म्हणाले तर वाद घालू नका, फक्त म्हणा की जॉब कार्डवर (गाडीचं काय काम करायचं ते लिहिलेला वर्कशॉपचा कागद) लिहून द्या : कुठला भाग, काय दोष, कुठल्या कारणानं वॉरंटी नाकारली, खाली सही. तोंडी "बसत नाही" म्हणणं सोपं असतं, पण सही करायची म्हटली की अ‍ॅडव्हायझर मॅनेजरला विचारतो, मॅनेजर कंपनीच्या माणसाला विचारतो, आणि तुमची गाडी पहिल्यांदाच कुणीतरी नीट बघतं. आणि एक, बेअरिंग किंवा सील वॉरंटीत मंजूर झालं तर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी त्या क्लेममध्येच येते, क्लच प्लेटच्या बिलात तीच मजुरी परत लावलेली नाही ना ते बघा. प्लेटचे पैसे तुम्ही दिले तर जुनी प्लेट मागून घ्या, ती तुमची आहे. वॉरंटीत बदललेला भाग मात्र कंपनीकडं जातो, तो मिळणार नाही.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. गाडी कोल्हापुरातून घेतली, पासिंग केए २३. बाहेरच्या दुकानात फॉग लॅम्प आणि रिव्हर्स कॅमेरा बसवला, एकदा घाईत ऑइल पण बाहेरच बदललं. आता खराब रस्त्याला स्टिअरिंग रॅकमधून (स्टिअरिंगचं वळण चाकांना देणारा भाग) खडखड येते. डीलर म्हणतोय बाहेर हात लावलाय, सगळी वॉरंटी संपली. दुसरं म्हणजे गाडी कोल्हापूरची असल्यानं बेळगावात दाखवली तर चालतं का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगतो, चालतं. वॉरंटी कंपनीची असते, डीलरची नाही. राज्याची हद्द आपल्याला बाकी ठिकाणी आडवी येते पण इथं येत नाही, त्याच कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला तुमचा क्लेम घ्यायला लागतो. कोल्हापूरवाले ऐकत नसतील तर बेळगावला दाखवाच, दुसरा माणूस दुसऱ्या नजरेनं बघतो.

आता "सगळी वॉरंटी संपली" याचं. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं, म्हणजे सीसीआयनं, १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता. कारण काय तर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू द्यायची नाही आणि गिऱ्हाईक बाहेर गेला तर वॉरंटी रद्द करायची. त्या आदेशात स्पष्ट सांगितलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द ही अट घालायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येते. पुढं अपिलं झाली, दंडाचा वाद वरच्या कोर्टात गेला, त्यामुळं हा आदेश दाखवला की डीलर लगेच मान तुकवेल असं मी म्हणत नाही. पण मुद्दा साधा आणि न्यायाचा आहे आणि तो तुम्ही मांडा : फॉग लॅम्पचा आणि रॅकच्या खडखडीचा संबंध काय ते दाखवा.

मात्र तुमची बाजू कुठं लंगडी आहे ते पण सांगतो. फॉग लॅम्पसाठी मूळ वायर कापून जोड दिला असेल आणि उद्या वायरिंग जळलं, तर ते नाकारतील आणि त्यांचं बरोबर असेल. कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) लावून बसवलं असेल तर एवढी भीती नाही. तसंच ऑइलचं. बाहेर बदललेल्या ऑइलची पक्की पावती, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड हे काही नसेल तर इंजिनच्या क्लेमला तुम्ही अडचणीत येणार. वॉरंटी बुकात ठरलेल्या सर्व्हिस वेळेवर करायची अट असते, ती वॉरंटी असेपर्यंत पाळा, मग काय ते बाहेर करा. आणि खडखड रॅकचीच आहे काय तेही बघून घ्या, स्टॅबिलायझर लिंक किंवा लोअर आर्मचं बुश (चाकांच्या सस्पेन्शनचे छोटे भाग) गेलं तरी अगदी तसाच आवाज येतो आणि ते काम पुष्कळ स्वस्तातलं आहे. मेकॅनिकला शेजारी बसवून त्या खराब रस्त्याला एक चक्कर मारा, आवाज त्याच्या कानानं ऐकू दे.

प्रश्न : मी शहापूर, बेळगावची. पहिल्या पेड सर्व्हिसचं बिल ११,४०० आलं. ऑइल आणि फिल्टर समजलं, पण इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर पॉलिश हे सगळं मी सांगितलंच नव्हतं. विचारलं तर "मॅडम, रेकमेंडेड असतं" म्हणाले.

उत्तर : ताई, तुम्ही एकेक ओळ वाचून लिहून काढली, निम्मं काम तुम्हीच केलंय. गाडीबरोबर जे बुक मिळतं त्याच्या मागच्या पानांवर एक तक्ता असतो, किती किलोमीटरला काय बदलायचं आणि काय नुसतं तपासायचं. त्या तक्त्यात जे आहे ते "रेकमेंडेड". उरलेलं डीलरचं, ते घ्यायचं की नाही तुमची मर्जी, न घेतल्यानं वॉरंटीला काहीच होत नाही. तुमच्या यादीतल्या पाचही गोष्टी तक्त्यात शोधून बघा. आपल्याकडं पाऊस आणि चिखल बघता अंडरबॉडी कोटिंग एखाद्याला घ्यावंसं वाटेल, मी त्याला वाईट म्हणणार नाही, पण ते विचारून व्हायला पाहिजे. नवीन इंजिनला फ्लश कशाला ते मला आजपर्यंत कुणी पटवून दिलेलं नाही.

न विचारता केलेल्या कामाचे पैसे परत मागा, आणि ते लेखी मागा, ईमेलवर. त्यात म्हणा की मी सही केलेल्या जॉब कार्डात ही कामं नव्हती. त्याच्याआधी जॉब कार्डाची तुमची प्रत काढून बघा, कधी कधी आपण सही करून जातो आणि खाली बारीक अक्षरात टिक मारलेली असते. दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. तरीही नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, तेव्हा वरच्या निपाणीच्या दादांनी पण हे वाचून ठेवा, गाडी कोल्हापूरची असली तरी तुम्हाला कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही.

बिलातला कराचा रकाना पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता. एस्टिमेट जुन्या दरानं काढलेलं असेल तर बदलून घ्या.

प्रश्न : रायबागजवळ मळ्यात राहतो. उंदरानं इंजिनमधलं वायरिंग खाल्लं. डीलर ३८ हजार सांगतोय, वॉरंटी नाही म्हणतोय.

उत्तर : भाऊ, वॉरंटी इथं खरंच नाही, दोष कंपनीचा नव्हे. पण तुमचा फुल विमा असेल, नुसता थर्ड पार्टी नव्हे, तर बऱ्याच विमा कंपन्या हे नुकसान देतात. गाडीला हात लावू देऊ नका, आधी विमा कंपनीला कळवा, त्यांच्या सर्व्हेअरनं, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसानं, बघितल्यावरच काम. वायर कुरतडलेल्या जागेचे फोटो, तिथं पडलेला कचरा, लेंड्या, सगळं तसंच ठेवा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० तुमच्या खिशातून जातात, आणि प्लास्टिक-रबरच्या भागांवर झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर निम्मी घट धरतात. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो, म्हणून चार-पाच हजाराच्या कामाला क्लेम करू नये असं मी सांगतो, पण ३८ हजाराला कराच. त्याआधी डीलरला एक विचारा, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायलाच पाहिजे काय, की खाल्लेल्या तेवढ्याच चार-सहा वायरी जोडून भागतं. बेळगावात उद्यमबागेकडं चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, एकाला फोटो दाखवून अंदाज घ्या, आणि जोडून भागणार असेल तर तो आकडा सर्व्हेअर यायच्या आधी हातात ठेवा.