‘प्रतिगामी’ पित्तनलिका आणि पोटातली दुर्बीण

प्रश्न असा: ‘बाबांची ईआरसीपी करायची आहे. संमतीपत्रावर मराठीत “अंतर्दर्शी प्रतिगामी पित्तनलिका-स्वादुपिंडचित्रण” असं छापलंय. बाबा जुने समाजवादी. वाचून म्हणाले, माझी पित्तनलिका प्रतिगामी कधी झाली? इथे प्रतिगामीचा अर्थ काय, आणि या सगळ्याला बरा मराठी शब्द आहे का?’

बाबांची शंका रास्त आहे. ‘प्रतिगामी’ हा शब्द मराठीत ‘पुरोगामी’च्या विरोधात इतकी वर्षं वापरला गेलाय की त्याचा साधा अर्थ, उलट दिशेने जाणारा, कुणाच्या ध्यानातच येत नाही. त्यात घोळ विशेषणाच्या जागेचा. मराठीत विशेषण शेजारच्या नामाला चिकटतं, म्हणून वाचणाऱ्याला नलिकाच प्रतिगामी वाटते. ते विशेषण आहे शेवटच्या ‘चित्रणा’चं.

उलट जातं ते काय? पित्त यकृतात तयार होतं आणि पित्तनलिकेतून उतरून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आद्यांत्रात, पडतं. स्वादुपिंडाची नळीही बहुतेकांत तिथेच येऊन मिळते. दोघींचं तोंड आतड्याच्या भिंतीवरच्या एका बारक्या उंचवट्यावर असतं. तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर ओलांडून तिथवर नेतात. गंमत म्हणजे या दुर्बिणीचा डोळा टोकाला नसून कुशीला असतो, कारण ते भोक समोर नाही, बाजूला येतं. मग त्यातून बारीक नळी सरकवून क्ष-किरणांत दिसणारं द्रव वर सोडतात. पित्त खाली येतं, द्रव वर चढतं. ‘प्रतिगामी’ ते एवढंच. याला ‘डाय’ म्हणतात म्हणून ‘पोटात रंग सोडला’ असं लोक सांगतात. प्रत्यक्षात ते रंगीत नसतं.

ईआरसीपीचं मूळ नाव ‘एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओपँक्रिएटोग्राफी’, तेही असंच डब्याला डबा जोडून केलेलं आहे. ग्रीकमध्ये ‘खोले’ म्हणजे पित्त, ‘आंगेइऑन’ म्हणजे भांडं किंवा वाहिनी, आणि पँक्रियास म्हणजे ‘पान’ अधिक ‘क्रेआस’, सगळं मांसच मांस. आपल्याकडे त्याच अवयवाला स्वादुपिंड म्हणतात, हिंदीत अग्न्याशय. त्यामुळे हिंदी पत्रक हातात पडलं की मराठी माणूस अडखळतो. ‘आशय’ म्हणजे साठा करायची जागा: जलाशय, मूत्राशय, पित्ताशय. स्वादुपिंड काही साठवून ठेवणारी पिशवी नाही, ग्रंथी आहे, तेव्हा इथे मला ‘पिंड’च बरा वाटतो.

‘चित्रण’ हा शब्द मात्र आता मागे पडलाय. ही पद्धत पहिल्यांदा 1968 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती खरोखरच चित्रं काढण्यासाठी होती. 1974 मध्ये जपान आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी त्याच वाटेने नळीचं तोंड कापून रुंद करायला सुरुवात केली. आज नुसतं बघायचं असेल तर बहुधा एमआरसीपी करतात, म्हणजे चुंबकीय यंत्रातून चित्र, तोंडात काही घालावं लागत नाही. ईआरसीपी करतात ती मुख्यतः खडा काढायला किंवा तुंबलेली वाट मोकळी करायला. म्हणून बाबांना ‘तपासणी आहे’ एवढंच सांगू नका; तपासणी म्हटलं की माणूस रक्त देऊन घरी यायच्या तयारीने निघतो. हे उपचार आहेत, आणि त्यांचा धोकाही आहे. शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना नंतर स्वादुपिंडदाह होतो. याला ‘थोडी सूज’ म्हणायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. सूज आपल्या पायाला येते आणि उतरते. हे दुखणं कधीकधी फार गंभीर होतं.

सगळ्यात मोठा गोंधळ ‘पित्त’ या शब्दाचा. आंबट ढेकर आले की पित्त झालं, अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं (मग आमसुलाचं पाणी चोळायचं), आणि संतापलो की पित्त खवळलं. यातल्या एकाचाही पित्तनलिकेशी संबंध नाही. आंबट वर येतं ते जठरातलं आम्ल. पित्त कडू असतं. माझ्या मावशीला पित्तनलिकेत खडा आहे असं कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘तरी सांगत होते, चहा कमी करा.’ आठ दिवस तिने दोन्ही वेळा सोलकढी घेतली. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगाला खाज; ही अडथळ्याची कावीळ होती, आणि तिकडे आम्ही आम्लपित्ताचं पथ्य सांभाळत बसलो होतो. एक काका मुतखड्यासारखं भरपूर पाणी पी म्हणाले. ‘खडा’ शब्द एकच, पण पाण्याने तो इथे वाहून जात नाही.

‘दुर्बीण’ मला आवडते. फारसीत दूरचं पाहणारी ती ‘दूरबीन’. आपण ती पोटात घातली आणि वीतभर अंतरावरचं पाहायला लावली. फक्त एक सांगा: दुर्बिणीने पित्ताशय काढतात ते वेगळं, तिथे पोटाला भोकं पडतात. इथे दुर्बीण तोंडातून जाते, टाका एकही नाही.

तेव्हा पर्याय: ‘तोंडातून दुर्बीण घालून पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी पाहणे व मोकळी करणे’. लांब आहे, पण अर्थ बाबांना लागेल. एकशब्दी हवं असेल तर ईआरसीपीच म्हणा, दवाखान्यात सगळे तेच म्हणतात.

आणि एक क्रियापद. प्लॅस्टिकची नळी घातली तर डॉक्टर म्हणतात ‘स्टेंट बसवला’. बसवलेली गोष्ट मराठी माणूस विसरतो. नळ बसवला, गिझर बसवला, झालं. ही नळी साधारण तीन महिन्यांत काढावी किंवा बदलावी लागते, नाहीतर तुंबते आणि थंडी वाजून ताप येतो. ‘ठेवली आहे’ म्हणा. ठेवलेली वस्तू परत घ्यायला जावं लागतं. मावशीने कॅलेंडरवर तसंच लिहिलं होतं: ‘नळी ठेवलीय, 14 तारखेला आणणे.’