माझा बॉल पायथन (पाळला जाणारा एक छोटा अजगर) फक्त जिवंत उंदीर खातो. मेलेला उंदीर खायची सवय कशी लावू, की जिवंतच देत राहू?

सवय लावा. जिवंत देत राहू नका. तुम्ही लिहिलंय की साप दीड वर्षाचा आहे, वजन 600 ग्रॅमच्या आसपास आहे, जिवंत उंदीर दिला की लगेच झडप घालतो आणि फ्रीझरमधला वितळवून दिला तर तोंड फिरवतो. विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलं, ‘ही जातच अशी, जिवंतच लागतं, तेच नैसर्गिक.’ या एका वाक्यावर माझं कित्येकांशी वाजलं आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो.

जंगलात साप दबा धरून बसतो, वेळ तो निवडतो, आणि झडप चुकली तर उंदीर पळून जातो. तीन-चार फुटांच्या पेटीत उंदराला पळायला जागा नसते आणि सापाला माघार घ्यायला जागा नसते. सापाला भूक नसेल, कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झालेले असतील किंवा पेटी थंड असेल, तर तो उंदराकडे दुर्लक्ष करून लपणात पडून राहतो. उंदीर मात्र पडून राहत नाही. त्याला भूक लागते, तहान लागते, आणि समोर न हलणारं मांस असतं. रात्रभर पेटीत राहिलेल्या उंदराने सापाची पाठ कुरतडून कण्यापर्यंत जखम केल्याची उदाहरणं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. साप त्या वेळी प्रतिकार का करत नाही, असं लोक विचारतात. कारण कुरतडणाऱ्याला हुसकावून लावणं हे त्याच्या स्वभावात नाही. त्याचा बचाव म्हणजे गुंडाळी करून डोकं आत लपवणं. पाठ उघडीच राहते.

‘मी समोर बसून लक्ष ठेवतो’ हे उत्तर नेहमीचं. लक्ष ठेवल्याने रात्रभराची कुरतड टळते, पण विळख्यातला चावा टळत नाही. झडप डोक्यावर बसली तर ठीक. ती कमरेवर किंवा मागच्या पायांवर बसली तर उंदराचं तोंड आणि पुढचे पाय मोकळे राहतात, आणि तो जे समोर येईल त्याला चावतो: सापाचा ओठ, डोळा, जिभेचं आवरण, विळख्याची कड. तुम्ही हात घालेपर्यंत दात रुतलेले असतात.

अशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत पू धरते. सापाचा पू माणसासारखा पातळ होऊन वाहून जात नाही. तो घट्ट गोळा होऊन बसतो आणि बऱ्याचदा कापूनच काढावा लागतो. म्हणून चावा दिसला की सलाइनने धुवा, पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा, पेटीतला भुसा काढून टिशूपेपर अंथरा, उबेची बाजू नीट चालू आहे ना ते बघा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरला दाखवा. बधिरीकरणाचं औषध मिसळलेली माणसांची मलमं लावू नका.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो. अजगर आणि बोआ (अजगरासारखेच विळखा घालून मारणारे साप) गुदमरवून मारतात ही जुनी समजूत. बोआवरच्या 2015 सालच्या प्रयोगात, बेशुद्ध केलेल्या उंदरांभोवती विळखा पडल्यावर 6 सेकंदांत त्यांच्या धमनीतला रक्तदाब निम्म्यावर आल्याचं दिसलं. म्हणजे विळखा छातीवर नीट बसला तर मरण लवकर येतं. विळखा दर वेळी नीट बसतोच असं नाही, एवढाच माझा मुद्दा. आणि साप मेलेलं खातच नाही, हे तर साफ चूक. रानातल्या सापांनी मेलेले प्राणी खाल्ल्याच्या नोंदी इतक्या आहेत की 2002 साली डेव्हॉल्ट आणि क्रॉकमल या संशोधकांनी त्यांचा स्वतंत्र आढावा प्रसिद्ध केला.

तर मग तुमचा साप तोंड का फिरवतो? बॉल पायथनच्या ओठांवर ऊब टिपणाऱ्या खाचा असतात. अंधारात त्याला समोर उबेचा ठिपका दिसतो, वास येतो, हालचाल जाणवते. तुम्ही वितळवलेला उंदीर खोलीच्या तापमानाचा असेल तर सापाच्या लेखी तिथे फारसं काही नसतं. बहुतेक वेळा सगळा घोळ उबेत आणि पुढे धरण्याच्या पद्धतीत असतो.

उंदीर आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये खाली ठेवा. 20–25 ग्रॅमचा उंदीर काही तासांत वितळतो. 100–150 ग्रॅमच्या रॅटला, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराला, रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. द्यायच्या आधी झिपच्या पिशवीत घालून 40 ते 45 अंशांच्या पाण्यात 15–20 मिनिटं बुडवा, पाणी निवलं की बदला. मग पोट दोन बोटांनी हलकं दाबून बघा. मध्ये कडक गोळा लागला तर आत बर्फ आहे, परत पाण्यात ठेवा. आत गार राहिलेला उंदीर गिळला तर साप तो ओकून टाकण्याचा धोका असतो. उकळतं पाणी ओतलं तर कातडी सुटते आणि पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर अजिबात नको, आतलं काही शिजतं, काही गोठलेलंच राहतं, आणि आतडी फुटली की तो वास पेटीतून लवकर जात नाही. शेवटी उंदीर कागदाने कोरडा करा आणि फक्त डोक्यावर हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट सोडा. डोकं बाकी अंगापेक्षा थोडं जास्त गरम हवं. लेझर थर्मामीटर असेल तर डोक्यापाशी 38–40 अंश दिसले पाहिजेत. या शेवटच्या अर्ध्या मिनिटाने अनेक हट्टी साप वळतात. डोकं गार पडलं की पुन्हा हवा मारा, एका बैठकीत दोन-तीनदा तरी लागते.

खायला अंधार पडल्यावर द्या, खोलीतला दिवा मंद ठेवा, आणि त्या दिवशी सापाला हातात घेऊ नका. चिमटा किमान 30 सेंटीमीटरचा हवा, टोकाला रबर असलेला असेल तर उत्तम. कमी लांबीच्या चिमट्याने साप उबदार हातावरच झडप घालतो आणि दोष सापाला दिला जातो. उंदीर कमरेजवळ धरा, डोकं सापाकडे. वरून खाली आणू नका, वरून येणारी गोष्ट म्हणजे शिकारी पक्षी. जमिनीलगत, बाजूने, लपणाच्या तोंडाशी न्या. दोन इंच पुढे, थांबा, जरासं वळवा, परत थांबा. सापाच्या नाकावर उंदीर आपटणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने साप घाबरतो आणि त्या दिवसाचं खाणं संपतं. मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली, जीभ सावकाश बाहेर येऊन रेंगाळायला लागली, तर तो तयार आहे. डोकं मागे ओढून गुंडाळीत घातलं तर उचला आणि झाका.

झडप बसली की लगेच सोडून देऊ नका. शेपटी किंवा मागचा पाय चिमट्यात धरून दोन-तीन हलके झटके द्या. बोआ भक्ष्याच्या हृदयाचे ठोके विळख्यातून ओळखतात, हे 2012 साली कृत्रिम हृदय बसवलेल्या मेलेल्या उंदरांवर तपासलं गेलं आहे. ठोके चालू असले तर विळखा जास्त वेळ आणि जास्त जोरात राहिला. तुमचा साप बोआ नसला तरी झटक्यांचा फायदा बॉल पायथनमध्येही रोज दिसतो. निर्जीव उंदीर काही साप धरतात आणि सोडून देतात, तिथे दोन झटके पुरतात. त्यानंतर हात मागे घ्या. साप उंदीर सोडून त्याचं डोकं शोधत फिरतो, त्यात 10–15 मिनिटं गेली तरी मध्ये पडू नका.

झडप बसलीच नाही तर उंदीर लपणाच्या दाराशी ठेवा, पेटीच्या पुढच्या काचेवर कापड टाका आणि सकाळपर्यंत बघू नका. बरेच बॉल पायथन माणूस नसताना निवांत उचलतात. सकाळी उरला असेल तर फेका. परत गोठवू नका.

सवय बदलण्याचा क्रम असा ठेवा की एका वेळी एकच गोष्ट बदलेल. साप माऊस (छोट्या जातीचा उंदीर) खात असेल तर आधी मेलेला माऊस, आणि त्यानंतर कधीतरी रॅट. दोन्ही एकदम बदलणारे लोक महिनाभराने म्हणतात की याला मेलेलं चालत नाही, आणि खरं तर त्याला रॅट ओळखीचा नसतो. थेट वितळवलेल्यावर आला नाही तर मधली पायरी ताज्या मारलेल्याची. तो अजून अंगच्या उबेचा असतो, वासही ताजा. असे दोन-तीन घास झाले की वितळवलेला. मारण्याचं काम मात्र ज्याला कार्बन डायऑक्साइडची पेटी नीट चालवता येते त्याच्याकडूनच करून घ्या. जिवंत उंदीर फ्रीझरमध्ये टाकणं हा छळ आहे, आणि आपटून अर्धवट बेशुद्ध केलेला उंदीर विळख्यात जागा होतो.

नकार मिळाला तर दुसऱ्याच दिवशी जिवंत देऊ नका. इथेच बहुतेक जण ढेपाळतात. 7 ते 10 दिवस थांबा आणि परत वितळवलेलाच पुढे करा. पुन्हा नकार आला तर वासाचा उपाय करा: उंदरांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा पिशवीत घालून वितळवलेला उंदीर त्यात तासभर ठेवा. जर्बिल या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या पिंजऱ्यातला भुसा मिळाला तर बॉल पायथनवर तो आणखी चालतो. तरीही नाही, तर ब्लेडने कवटीला छोटी चीर देऊन आतला द्रव नाकाला लावा. ऐकायला किळसवाणं आहे, पण वास तीव्र होतो.

हे सगळं करण्याआधी पेटी तपासा, कारण घाबरलेला किंवा गारठलेला साप कशानेच खाणार नाही. उबेच्या बाजूला 31–33 अंश, गार बाजूला 25–27, दोन्हीकडे अंग भिंतींना टेकेल इतकं घट्ट लपण, तीन बाजूंच्या काचा झाकलेल्या. नवीन आणलेला असेल तर पहिला आठवडा हात लावू नका. वेगळ्या डब्यात नेऊन खायला घालण्याची पद्धतही सोडा. ‘पेटीत खाल्लं की साप हाताला चावायला शिकतो’ याला आधार नाही. उलट पोट भरलेला साप उचलला तर तो ओकू शकतो.

आता तुमचा उरलेला प्रश्न, किती आणि किती दिवसांनी. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी. तुमच्या 600 ग्रॅमच्या सापाला 50–60 ग्रॅमचं भक्ष्य दोन आठवड्यांनी पुरतं. पिल्लांना 5–7 दिवसांनी, पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी. खाल्ल्यावर 48 तास हात नको.

काही गोष्टी वर राहून गेल्या. जिवंत कधीच देऊ नये असं मी म्हणत नाही. अंड्यातून निघाल्यापासून काहीच न खाल्लेलं पिल्लू किंवा रानातून पकडून आणलेला आणि वाळत चाललेला साप, यांना आधी पोटात काहीतरी जाणं महत्त्वाचं. तिथेही डोळे न उघडलेलीच पिल्लं द्या, म्हणजे पिंकी किंवा फझी. डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, त्याआधी ती सापाला इजा करू शकत नाहीत. मोठा जिवंत रॅट कुठल्याच कारणाने नको. अगदीच वेळ आली तर छोटा माऊस, 15 मिनिटं, चिमटा हातात, आणि नजर हलवायची नाही.

200 ग्रॅमच्या आतल्या पिल्लाला उपाशी ठेवून शिकवायला जाऊ नका, तीन-चार नकारांनंतर त्याला जे चालतं ते द्या आणि नंतर परत सुरुवात करा. तुमचा साप त्या गटात नाही, तो काही आठवडे उपाशी राहू शकतो. मोठे बॉल पायथन थंडीत आणि विणीच्या काळात आपणहून महिनोन्महिने खात नाहीत, त्याला हट्ट समजू नका. दर आठवड्याला त्याच डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. सुरुवातीच्या वजनातून 10 टक्के गेले, म्हणजे तुमच्या सापाचे 60 ग्रॅम, की प्रयोग थांबवा आणि डॉक्टर गाठा. तोंडात फेस दिसला किंवा श्वासाला शिट्टी येत असेल तर 10 टक्क्यांचीही वाट बघू नका.

गोठवल्याने बरेच परजीवी मरतात, साल्मोनेला मरत नाही. वितळवायचा डबा, चिमटा, ब्लेड स्वयंपाकघरापासून वेगळं ठेवा आणि हात साबणाने धुवा. उणे 18 अंशांवर हवाबंद पिशवीत उंदीर सहा महिन्यांच्या आत संपवा, त्यानंतर चरबी खवट होते आणि ई जीवनसत्त्व कमी होतं. साप ओकला तर 10–14 दिवस काही देऊ नका, पाणी ठेवा, उबेची बाजू तपासा, आणि पुढचं भक्ष्य निम्म्या आकाराचं द्या. दुसऱ्यांदा ओकला तर विष्ठेचा नमुना घेऊन डॉक्टरकडे जा.