मेलबर्नला येताय आणि मुलाचा वाढदिवस मेमध्ये आहे

तुम्ही विचारलंय की जानेवारीत मेलबर्नला येताय, मुलाचा वाढदिवस ६ मेचा, तर त्याला प्रेपमध्ये, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्षात, घालायला काही मार्ग आहे का, की त्याचं एक वर्ष वाया जाणार. व्हिसा, घरभाडं, नोकरी यावर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ते 'वर्ष वाया' हे दोन शब्द वाचून. २०१९ मध्ये मी ते रोज म्हणत होते.

नियम एका ओळीचा आहे. ज्या वर्षी प्रेप सुरू करायचं, त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत मूल पाच वर्षांचं व्हायला हवं. माझी लेक ९ मेची. नऊ दिवसांनी राहिली. लवकर प्रवेशासाठी अर्ज करता येतो, पण तो अपवाद म्हणून. मूल विलक्षण हुशार आहे आणि थांबवलं तर त्याचं दीर्घकाळ नुकसान होईल, हे दोन्ही पटवून द्यावं लागतं. 'तिला वाचता येतं, ज्युनिअर केजी झालंय' एवढ्यावर काही होत नाही. तरी मी तिचं प्रगतिपुस्तक आणि वह्या घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी वही पानापानाने बघितली, अक्षर किती छान आहे म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी मला परत दिली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. घरी येऊन मी ती वही कपाटात अगदी खाली टाकली.

माझ्या नणंदेचा मुलगा सिडनीत, जून २०१४ चा, म्हणजे आमच्या मुलीपेक्षा महिन्याने लहान. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सची तारीख ३१ जुलै आहे, त्यामुळे तो २०१९ मध्येच शाळेत गेला. तिथे शाळेच्या पहिल्या वर्षालाच किंडरगार्टन म्हणतात, आणि आमच्याकडे किंडर म्हणजे शाळेच्या आधीचं वर्ष. फोनवर दोघी 'किंडर' म्हणायचो आणि दोन वेगळ्या गोष्टी बोलत असायचो. ती समजून घ्यायची, मला मात्र दर फोननंतर तास-दोन तास काही सुचायचं नाही.

किंडरसाठीसुद्धा लसीकरणाचा दाखला लागतो. 'नो जॅब, नो प्ले', म्हणजे लस नाही तर प्रवेश नाही, हा नियम २०१६ पासून आहे, आणि दाखला इथल्या सरकारी नोंदवहीतलाच लागतो, आपलं कार्ड चालत नाही. कार्डावरच्या तारखा डॉक्टर नाहीतर नर्सकडून तिथे चढवून घ्याव्या लागतात. आमच्या डॉक्टरांचं अक्षर नर्सला लागेना. दोन तारखांवर ती बोट ठेवून बसली, हा एक आहे की सात. शेवटी भारतात फोन करून, दवाखान्याच्या लेटरहेडवर टाइप करून मागवलं, त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही निघण्यापूर्वीच टाइप करून घ्या, सही-शिक्क्यासकट. इथल्या यादीतल्या एखाद-दोन लसी आपल्याकडे दिलेल्या नसतात, त्या इथे द्याव्या लागतील, त्याने घाबरू नका.

किंडर आठवड्याला पंधरा तास. आमच्याकडे तीन दिवस होतं. तुम्ही दोघं नोकरी करणार असाल तर खरा प्रश्न हा आहे, प्रेपचा नाही. २०२३ पासून सरकारच्या मोफत किंडर योजनेतल्या किंडरमध्ये फी लागत नाही, आमच्या वेळी लागायची. बऱ्याच भागांत नोंदणी कौन्सिलमार्फत, म्हणजे इथल्या नगरपालिकेमार्फत होते, तिथून आत्ताच विचारायला सुरुवात करा.

आता जे मी कुणाला सांगितलेलं नाही ते. सासूबाईंना मी व्हिडिओ कॉलवर सांगत होते की ती शाळेत जाते. एकदा ती मागून म्हणाली, "आजी, ही शाळा नाहीये, किंडर आहे." मी फोन कापला आणि तिला ओरडले. पाच वर्षांच्या मुलीला, खरं बोलली म्हणून. रोज संध्याकाळी मी तिला चार रेघी वही घेऊन बसवायचे, मागे पडू नये म्हणून. एक दिवस वही सापडेना. आठवड्याने वॉशिंग मशीनच्या मागे मिळाली, भिजून फुगलेली. किंडरच्या शिक्षिकेने मला पहिल्या दिवसांतला एक फोटो दाखवला होता. सगळी मुलं चिखलात हात घालून बसलीत आणि ही शेजारी उभी, हात मागे बांधून. "ती आम्हाला विचारते, हात लावू का?" असं त्या म्हणाल्या. मला त्यातून काय कळायला हवं होतं ते तेव्हा कळलं नाही.

तरीही त्या नऊ दिवसांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि त्याला कारण आहे. ती प्रेपला गेली २०२० मध्ये. फेब्रुवारीत तर प्रेपच्या मुलांना बुधवारी सुट्टी. मैत्रिणींची नावं घरी यायला लागली आणि २४ मार्चला कोविडमुळे शाळा बंद. मग टॅबवर शाळा, मे-जूनमध्ये महिनाभर वर्गात, जुलैपासून पुन्हा घरात, ते १२ ऑक्टोबरपर्यंत. वाचायला तिला येतच होतं, तिला मुलं हवी होती. नऊ दिवस आधी जन्मली असती तर निदान एक अख्खं वर्ष तिला वर्गात मिळालं असतं. यात कुणाचा दोष नाही हे मला माहीत आहे. रात्री कधी जाग आली की मी तरी हेच मोजते.

एकटेपणाचंही विचारलंय. असतो. किंडरच्या फाटकाशी ओळखी होतात, मग कमी होतो.

लेक आता सहावीत आहे, वर्गात वयाने मोठ्यांपैकी, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. परवा तिला विचारलं, किंडरमधलं काय आठवतं. म्हणाली, चिखल. आणि तू वही घेऊन बसायचीस.

एक राहिलंच. जन्मदाखला आज काढून बघा. आमच्या दाखल्यावर मुलीचं नावच नव्हतं, नावाची जागा कोरी. नोंद नाव ठेवायच्या आधी झाली होती आणि आम्ही चार वर्षं तो कागद उघडून पाहिला नव्हता. पंधरा वर्षांच्या आत नाव घालून मिळतं, पण ते तिथे असतानाच करून घ्या. इथून करताना माझ्या वडिलांना पाच खेपा पडल्या.