छताला आरसा, भिंतीवर अर्धा सूर्य

प्रश्न : लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात कलाकार ओलाफुर एलियासननं २००३ साली केलेल्या 'द वेदर प्रोजेक्ट'बद्दल वर्गात ऐकलं. धुक्यातल्या त्या कृत्रिम सूर्याखाली लोक जमिनीवर आडवे पडून राहायचे म्हणे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आम्हाला २० बाय १५ फुटांची, ११ फूट उंच खोली मिळाली आहे. पिवळा हॅलोजन आणि गणेश मंडळाचं धुराचं मशिन एवढ्यावर भागेल का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाही भागणार. तिथले सुमारे २०० दिवे फक्त एका छटेचा पिवळा प्रकाश देत होते. अशा उजेडात बाकी सगळे रंग मरतात, उरतात पिवळा आणि काळा. हॅलोजनला जिलेटीन पेपर लावलात तरी लाल-हिरवा त्यातून निसटतोच. ५९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासची अंबर एलईडी पट्टी मागा. घेण्याआधी अंधारात तिच्याखाली एक लाल, एक हिरवी रिबन धरा. कोणती कुठली हे ओळखू आलं, तर पट्टी परत.

टेटमधला सूर्य अर्धाच होता. उरलेला अर्धा छताच्या आरशातला. तुम्ही ३ फूट त्रिज्येचं अर्धवर्तुळ दुधी ॲक्रिलिकचं करा. पट्ट्या त्याच्या ६ इंच मागे, आणि दोन पट्ट्यांत ४ इंचांहून जास्त अंतर नको, नाहीतर सूर्य पट्टेरी दिसेल. सरळ कड वर, थेट आरशाला भिडलेली हवी. तिथे इंचभर फट राहिली की प्रतिबिंब धरून ती दोन इंचांची होते, सूर्याला कंबरपट्टाच! आरशासाठी चंदेरी फिल्म २ बाय २ फुटांच्या चौकटींवर ताणून बसवा आणि सुरकुत्या हेअर ड्रायरच्या हलक्या उबेनं काढा. एखादी चौकट जरा कलली तरी सांध्यापाशी प्रतिबिंब तुटतं.

मंडळाचं मशिन धुराचे लोट सोडतं. तुम्हाला विरळ, एकसारखा थर हवा; त्यासाठी हेझर, म्हणजे बारीक धुकं सोडणारं मशिन, भाड्यानं आणा. धुराचा अलार्म असेल तर इमारत सांभाळणाऱ्यांशी आधी बोला, आणि दम्याच्या लोकांसाठी दारावर सूचना लावा.

आता खरी अडचण. टेटमध्ये आरसा सुमारे २७ मीटर उंचीवर होता. वरच्या मुंगीएवढ्या सावल्यांमधली आपली कोणती, हे शोधायला लोक हात-पाय हलवायचे. सगळी गंमत त्या शोधण्यात. ११ फुटांवर मात्र चेहरा लगेच दिसेल आणि लोक केस नीट करत बसतील! म्हणून सूर्याला डिमर लावा आणि माणसं नुसत्या आकृत्या वाटतील इतका तो उतरवा. बाहेर पडायच्या मार्गाची खूण सोडून दुसरा उजेड नको, मोबाइल दारातच ठेवून घ्या. पैसे कमी पडले तर हेझर सोडा, आरसा सोडू नका.