सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे पोट नॉर्मल?

बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं : "सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आहे." म्हणून आज पोटाच्या तपासण्यांबद्दलचेच प्रश्न घेतो.

प्रश्न : सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावलंय. घोटभर चहा चालेल का?

नाही. दुधाच्या चहाने पित्ताशय आकसतं, मग आतले खडे नीट दिसत नाहीत. पाणी चालतं. मधुमेहाची गोळी घ्यायची की नाही, ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वय ५२. पाच महिने शौचावाटे अधूनमधून रक्त पडतं. सोनोग्राफी नॉर्मल. औषधाच्या दुकानातून मूळव्याधीचं चूर्ण घेतलं, फरक आहे. आणखी तपासणी लागेल का?

लागेल, आणि ती पाच महिन्यांपूर्वीच व्हायला हवी होती. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड तिला छान दिसतात. आतड्यात हवा असते आणि या लहरी हवेवरून परत फिरतात. आतड्याच्या अस्तरावर वाटाण्याएवढा पॉलिप, म्हणजे मांसाची छोटी वाढ, असला, तर तो तिने दाखवावा ही अपेक्षाच चुकीची. तुमचा रिपोर्ट पुन्हा काढून वाचा. पोटातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही, अशी ओळ पुष्कळ रिपोर्टांत असते. आपण थेट शेवटचं 'नॉर्मल' वाचतो आणि घडी घालून ठेवून देतो.

राहिला चूर्णाचा 'फरक'. आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीतून येणारं रक्तही मधेच आठवडा-दोन आठवडे थांबतं, श्रेय चूर्णाला जातं. मूळव्याध असेलही, पण मूळव्याध असलेल्याला गाठ होत नाही असं थोडंच आहे? एसटी स्टँडच्या भिंतीवर 'विनाऑपरेशन कायमचा इलाज' रंगवणाऱ्याने, किंवा त्या दुकानदाराने, तुम्हाला एकदा तरी बोट घालून तपासलं का? तुम्हाला कोलोनोस्कोपी हवी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पिऊन आतडं साफ करावं लागतं. तो त्रास आहे, खोटं कशाला सांगू. प्रत्यक्ष तपासणी साधारण अर्ध्या तासाची. पॉलिप दिसला तर बहुधा तिथेच काढता येतो, संशय आला तर तुकडा घेता येतो. पॉलिपचा कर्करोग व्हायला सहसा काही वर्षं लागतात. ती वर्षं चूर्णात घालवू नका. याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वहिनींचे डोळे पिवळे झालेत. एक डॉक्टर एमआरसीपी म्हणतात, दुसरे ईआरसीपी. दोन्ही एकच ना?

नाही. एमआरसीपी म्हणजे एमआरआय मशिनवर पित्तनलिकेची चित्रं काढणं; त्यात क्ष-किरण नसतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. ईआरसीपीत तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढतात किंवा स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवतात. तो उपचार आहे आणि त्यात स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो. काविळीबरोबर थंडी वाजून ताप असेल तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, आजच दवाखाना गाठा.

प्रश्न : लॅबच्या पॅकेजमध्ये पोटाचा सीटी निम्म्या दरात आहे. काही होत नाही, पण करून ठेवू का?

करू नका. एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याच्या तिप्पट-चौपट. अपेंडिक्सचा संशय असेल, आतडं अडकलं असेल, तर तो जरूर करावा. सवलत आहे हे कारण नव्हे.

प्रश्न : रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' आलंय. घाबरू का?

नको. यकृतात थोडी चरबी साठली आहे, असा त्याचा अर्थ. वजन, साखर आणि यकृताच्या रक्ततपासण्या घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. 'लिव्हर टॉनिक' मात्र घेऊ नका.