नेपल्स-अमाल्फी किनाऱ्यावर पाच दिवस: कुठे राहावं, काय बघावं, काय सोडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोमनंतर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस हातात आहेत, बरोबर साठी ओलांडलेले आई-वडील आहेत. अमाल्फीत हॉटेल घ्यावं का, गाडी भाड्याने घ्यावी का, आणि पॉम्पेईचे अवशेष व व्हेसूव्हियस ज्वालामुखी एकाच दिवसात उरकतात का?

तिन्हींना माझं उत्तर 'नको' असंच आहे.

अमाल्फीच्या बाजूला डोंगर थेट समुद्रात उतरतो. सपाटी जवळजवळ नाहीच, म्हणून गावं उभी रचलेली आहेत आणि सगळ्यांना जोडणारा रस्ता एकच. समोरासमोर दोन बस आल्या की एकीला मागे घ्यावी लागते आणि मागची रांग थांबते. स्वस्तातलं हॉटेल घेतलं तर ते बहुधा दीडशे-दोनशे पायऱ्या वर असतं, आणि बॅगा तुम्हालाच चढवायच्या असतात. आई-वडिलांना घेऊन हे करू नका. सालेर्नोत राहा. रोमहून जलद गाडी थेट तिथे येते, बोटीचा धक्का स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे, पॉम्पेई आणि पेस्तुम (तिथे जुनी ग्रीक मंदिरं आहेत) दोन्हीकडे लोकल गाड्या जातात. सालेर्नो फोटोत पोझितानोइतकं देखणं दिसत नाही, हे खरं. पण संध्याकाळी समुद्रकाठच्या लांबलचक सपाट रस्त्यावर अख्खं गाव फिरायला निघतं, आणि वयस्कर माणसांना ते फार मानवतं. बरेच जण सोरेंतो सुचवतील. वाईट नाही, पण तिथून पेस्तुम फार लांब पडतं.

गाडीचं म्हणाल तर अमाल्फीच्या रस्त्यावर हंगामात ठरावीक दिवशी नंबर प्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून सम-विषम नियम असतो, पार्किंग महाग आणि दुर्मिळ. शिवाय जुन्या शहरांत कॅमेऱ्याने राखलेले बंदी भाग असतात. चुकून शिरलात तर दंडाची नोटीस काही महिन्यांनी गाडी कंपनीमार्फत घरी येते.

आता पॉम्पेई. पहिला घोळ इथे स्टेशनचा होतो. पॉम्पेई नावाची तीन स्थानकं आहेत. सरकारी रेल्वेचं 'पॉम्पेई' आजच्या गावात आहे. व्हेसूव्हियसला वळसा घालणाऱ्या छोट्या रेल्वेच्या सोरेंतो मार्गावरचं 'पॉम्पेई स्काव्ही' मुख्य दरवाजासमोर आहे. आणि त्याच छोट्या रेल्वेच्या दुसऱ्या फाट्यावर 'पॉम्पेई सान्तुआरियो' आहे. सालेर्नोहून तुम्ही पहिल्यावर उतराल, आणि ते बरंच आहे. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की पियाझ्झा अँफितेआत्रोचं प्रवेशद्वार लागतं. तिथे मुख्य दरवाजापेक्षा गर्दी साधारणपणे कमी असते. तिकीट आधीच अधिकृत संकेतस्थळावरून काढा. रोज २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, तो मुद्दाम टाळा.

आत सावली जवळपास नाही. उघडण्याच्या वेळेला आत शिरा आणि दुपारी एकपर्यंत बाहेर या. एकूण ६६ हेक्टरांचं शहर, त्यातलं दोन-तृतीयांश उकरलेलं. सगळं बघायच्या भानगडीत पडू नका. अँफिथिएटरकडून व्हिया देल्'अब्बोन्दान्झा या मुख्य रस्त्याने फोरमपर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापर्यंत जा. वाटेत दगडी ओटे दिसतील, त्यात गोल खड्डे करून मडकी बसवलेली: तयार खाणं विकायची दुकानं. रस्त्यात मध्येच उंच दगड ठेवलेत, ते पावसात किंवा घाणीत पाय न बुडवता पलीकडे जायला. दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं जायची, त्यांच्या चाकोऱ्या अजून बोटाने चाचपता येतात. एखाद्या बेकरीत पाच मिनिटं थांबाच. तिथली जाती माणसाच्या कमरेएवढी आहेत, डमरूच्या आकाराची. खालचा दगड शंकूसारखा, त्यावर वरचा टोपीसारखा बसतो. धान्य वरून ओतायचं आणि लाकडी दांडा लावून गाढवाकडून फिरवून घ्यायचं. दगड काळा, सच्छिद्र, ज्वालामुखीतलाच. आपल्याकडचं जातंही काळ्या बेसॉल्टचंच, त्यामुळे आईंना हे समजावून सांगावं लागणार नाही. व्हेत्ती बंधूंचं घर दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं, ते चुकवू नका. भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला व्हिला देइ मिस्तेरी हा वाडा गावकुसाबाहेर आहे. पाय साथ देत असतील तरच तिथे जा.

व्हेसूव्हियस पॉम्पेईला जोडू नका. मे महिन्यात पॉम्पेईनंतर १,२८१ मीटरच्या डोंगराकडे जायचं म्हणजे तापलेल्या दुपारी सुटी खडी तुडवत चढणं. बस साधारण १,००० मीटरपर्यंत नेते, पुढचं पायी. तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं आणि ते आधीच ऑनलाइन काढावं लागतं. वर मोबाइलला रेंज धड मिळत नाही, म्हणून लोक दारातून परत येतात. ढग उतरले तर विवरात काहीच दिसत नाही. जायचंच असेल तर एर्कोलानोला जोडा. बस तिथल्या स्टेशनबाहेरून सुटते, आणि तिथले अवशेष दोन-अडीच तासांत बघून होतात.

एर्कोलानो म्हणजे जुनं हर्क्युलेनियम. दोन्ही शहरं इ.स. ७९ मध्ये एकाच उद्रेकात गेली, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. पॉम्पेईवर तासन्‌तास हलके, फेसाळ दगड आणि राख पडत राहिली. त्या ओझ्याने छपरं बसली आणि वरचे मजले गेले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राखेचे लोट आले. हर्क्युलेनियमवर मात्र रात्रीच ते लोट थेट कोसळले आणि गाव सुमारे २० मीटर खोल गाडलं गेलं. लाकडाला हवाच मिळाली नाही, त्यामुळे ते जळून राख होण्याऐवजी कोळसा झालं, जसं मातीने लिंपलेल्या कोळशाच्या भट्टीत होतं. म्हणून तिथे तुळया, दारं, पलंग आणि एका घरातला लाकडी सरकता पडदा आजही जागेवर दिसतो. खाली जुन्या किनाऱ्यावर दगडी कमानींची बोटघरं आहेत. पळून आलेल्या सुमारे ३०० माणसांचे सांगाडे तिथे सापडले. आई-वडील हळवे असतील तर आधी सांगून ठेवा. दोन्हींपैकी एकच बघायचं झालं तर मी, लोक काहीही म्हणोत, एर्कोलानो निवडेन.

त्याच दिवशी दुपारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय घ्या. मंगळवारी ते बंद असतं, त्यानुसार दिवस लावा. पॉम्पेईची बरीचशी भित्तिचित्रं आणि मोझेक इथेच आहेत. आणि एक वस्तू मराठी माणसाने शोधून बघावी अशी: १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेली, वीतभराहून थोडी उंच हस्तिदंती स्त्रीमूर्ती, दोन्ही बाजूंना दासी. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, ती बहुधा यक्षी असावी. त्याच घडणीच्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. 'गाबिनेत्तो सेग्रेतो', म्हणजे गुप्त दालनात ती ठेवतात. त्या दालनात पॉम्पेईतली उघड शृंगारिक चित्रंही आहेत, तेव्हा आई-वडिलांबरोबर आत शिरायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

अमाल्फीला सालेर्नोहून बोटीने जा, पाऊण तासाच्या आत पोचाल. आधी धक्क्यावर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ बघून घ्या. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, मग सालेर्नोहून बस. बसचं तिकीट चढण्याआधी तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं (बाहेर मोठ्या 'टी' अक्षराची पाटी असते) आणि आत यंत्रावर शिक्का मारायचा. सालेर्नोहून जाताना समुद्र डावीकडे असतो, जागा तशी पकडा. कॅथेड्रलच्या ६२ पायऱ्या आणि अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतलेले ब्राँझचे दरवाजे बघून झाले की बहुतेक लोक लिमोन्चेल्लोच्या (लिंबाच्या दारूच्या) दुकानांत शिरतात. तुम्ही गावाच्या वरच्या टोकाला कागदाच्या संग्रहालयात जा. कापडाच्या चिंध्या पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी कुटून कागद कसा करत, ते तिथे दाखवतात. तसंच वर गेलं की फेर्रिएरेची दरी: उन्हातून एकदम गार, ओल्या सावलीत शिरता, पडक्या गिरण्या आणि झरे. नंतर बसने रावेल्लो, तिथल्या व्हिला रुफोलोच्या बागेतून खालचा किनारा दिसतो.

'देवांची पायवाट', म्हणजे पोझितानोच्या वरच्या डोंगरातली पायवाट, आई-वडिलांना नको. तुम्ही जाणार असाल तर बोमेरानो ते नोचेल्ले याच दिशेने जा: साधारण ६-७ किलोमीटर, तीन तास, उतार जास्त आणि पोझितानो समोर राहतं. सह्याद्रीत फिरणाऱ्याला दम लागणार नाही, पण फसवतो तो दगड. चुनखडी आहे, हजारो बुटांनी गुळगुळीत झालेली, पावसानंतर आपल्या बेसॉल्टपेक्षा जास्त निसरडी. नोचेल्लेहून खाली दीड हजारांहून जास्त पायऱ्या आहेत, त्या उतरून गुडघ्यांची वाट लावण्यापेक्षा गावातून बस घ्या.

उरलेला दिवस पेस्तुमला द्या, काप्री बेटावरच्या ब्लू ग्रोटो या समुद्रगुहेला नाही. त्या गुहेचं तोंड जेमतेम मीटरभर उंच आहे, लाटा जरा वाढल्या की बंद. पेस्तुमला गाडी सालेर्नोहून अर्ध्या-पाऊण तासात जाते. गाड्या कमी आहेत, म्हणून परतीची वेळ आधी टिपून ठेवा. सपाट माळावर तीन ग्रीक मंदिरं उभी आहेत, सगळ्यात जुनं इ.स.पू. सहाव्या शतकातलं. त्याचे दर्शनी खांब मोजा: नऊ. विषम संख्या असल्याने आत मधोमध खांबांची रांग येते आणि मूर्तीची जागाच अडते. शेजारचं, सुमारे शंभर वर्षांनंतरचं, सहा खांबांचं आहे. नंतर संग्रहालयात पाण्यात सूर मारणाऱ्या माणसाचं थडग्यातलं चित्र बघा.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर पिझ्झा मारिनारा बिनधास्त मागा. नावावरून मासळी वाटते, पण त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं. पार्मेझान चीजमध्ये मात्र वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. आणि अमाल्फीच्या बाजूला पास्त्यात 'कोलातुरा', म्हणजे खारवलेल्या माशांचा अर्क, घालायची पद्धत आहे. दिसायला नुसतं तेल-लसूण, म्हणून ऑर्डर देण्याआधी 'सेन्झा कोलातुरा' (कोलातुरा न घालता) म्हणा.